पोपेस्कु : एक आडनांव, त्याचे खेळाडू आणि त्यांचे क्लब



आजच्या भाषणाचा विषय एक परदेशी आडनांव हा आहे. रुमानिया हा युरोपच्या आग्नेय भागांतील देश. डॅन्यूब नदी त्याच्या दक्षिण सरहद्दीवरून वाहत जाऊन अखेर काळ्या समुद्राला मिळते. या देशांत 'पोपेस्कु' हें आडनांव इतकें सर्वत्र पसरलेलें आहे कीं, तें ऐकल्यावर त्या माणसाविषयीं जवळजवळ कांहींच बोध होत नाहीं. असें असूनहि फुटबॉलच्या खेळानें या आडनांवाला युरोपभर ओळख मिळवून दिली. परंतु ज्या क्लबांतून हे पोपेस्कु खेळले, त्यांतील कांहीं क्लबांच्या स्वतःच्या नांवांवर मात्र पाणी सोडण्याची वेळ आली, कांहींच्या नांवांसाठीं न्यायालयाचे उंबरठे झिजले. आडनांव कोणा एकाच्या मालकीचें नाहीं म्हणून तें सुखरूप राहिलें, आणि क्लबाचें नांव मालकीची वस्तु ठरलें म्हणून त्यावर तंटा झाला. हा प्रकार मला विचार करण्याजोगा वाटतो, म्हणून आपला थोडा वेळ घेत आहें.

प्रथम शब्दाकडे वळूं. रुमानियन भाषेंत 'पोपा' म्हणजे गांवचा धर्मोपदेशक. हा शब्द त्या भाषेंत स्लाव्ह लोकांकडून आला. त्याला लागलेला 'एस्कु' हा प्रत्यय मात्र लॅटिनच्या वंशांतील, असें बहुतेक पंडित मानतात. रुमानियन ही लॅटिनचीच एक कन्या आहे, आणि 'एस्क' हा प्रत्यय लावून ती 'अमक्याचा', 'अमक्याला शोभणारा' अशीं विशेषणें बनविते. 'फ्राते' म्हणजे भाऊ. 'फ्रात्सेस्क' म्हणजे बंधुभावाचा. त्याच न्यायानें 'पोपेस्कु' म्हणजे पोपाचा, उपाध्यायाच्या घरचा. आपल्या खेड्यांत 'भटजींचा बंडू' म्हटल्यावर जसा बंडू ओळखूं येतो, तसाच तेथें 'पोपाचा इयोन' ओळखूं येत असे. स्लाव्ह धातु आणि लॅटिन शेंपूट, असा हा शब्द आहे. त्या देशाचा अर्धा इतिहास या तीन अक्षरांत सांपडतो.

येथें एक शंका येणें स्वाभाविक आहे. वसईचे किंवा गोव्याचे पाद्री आपण पाहतों. ते अविवाहित असतात. मग उपाध्यायाला मुलगा कोठून? त्याचें उत्तर असें कीं, रुमानियांतील बहुसंख्य लोक पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स पंथाचे आहेत, आणि त्या पंथांत गांवच्या उपाध्यायाला लग्नाची मुभा असते. अट एवढीच कीं, लग्न दीक्षेपूर्वीं झालेलें पाहिजे. बिशप मात्र अविवाहितांतूनच निवडतात. त्यामुळें प्रत्येक गांवांत एक देऊळ, देवळापाशीं एक उपाध्याय, आणि उपाध्यायाच्या घरीं भरपूर मुलेंबाळें! या वंशवृद्धीचीं चिन्हें शेजारच्या देशांतहि आहेत. बल्गेरिया आणि रशिया येथील 'पोपोव्ह', सर्बियांतील 'पोपोविच', आणि ग्रीसमधील 'पापादोपुलोस' या सर्वांचा अर्थ एकच. भाषा निराळ्या, परंतु बाप एकाच धंद्यांतला.

रुमानियाच्या आंतहि या नांवाचीं रूपें प्रांताप्रांतानें बदलतात. कार्पेथियन पर्वताच्या पलीकडे ट्रान्सिल्व्हानियांत नुसतें 'पोप' हें रूप फार आढळतें. दक्षिणेकडे वालाकिया व ओल्तेनिया या भागांत 'पोपेस्कु'चा भर आहे. 'पोपा' तर चोहोंकडे आहे. 'पोपा' आणि 'पोपेस्कु' हीं दोन्ही त्या देशांतील सर्वांत प्रचलित आडनांवांपैकीं आहेत. एकट्या 'पोपेस्कूं'ची संख्या दीड लाखाच्या घरांत भरते.

यावरून हे सर्व लोक उपाध्यायांचे वंशज आहेत, असें मात्र कोणीं समजूं नये. कायम आडनांव ही त्या देशांत तशी अलीकडची गोष्ट आहे. १८९५ सालीं तेथें नांवांविषयीं कायदा झाला, आणि ज्यांना निश्चित आडनांव नव्हतें त्यांना तें घेणें भाग पडलें. त्याच्या आगेंमागें कारकुनांनीं, शाळामास्तरांनीं व वर्तमानपत्रांच्या संपादकांनींहि पुष्कळांना 'एस्कु' हें शेंपूट चिकटविलें. रुमानियाचा राष्ट्रकवि मिहाइ एमिनेस्कु हा जन्माचा 'एमिनोविच'. १८६६ सालीं, तो सोळा वर्षांचा असतांना, त्याची कविता छापणाऱ्या एका संपादकानें तिच्याखालीं आपण होऊनच 'एमिनेस्कु' असें नांव घातलें. मुलानें तें मुकाट्यानें पत्करलें आणि तेंच अजरामर झालें. संपादकाच्या लेखणीच्या एका फटकाऱ्यानें जर राष्ट्रकवीचें आडनांव बदलतें, तर खेड्यांतील शेतकऱ्याची काय कथा! आडनांवावरून कुळ आणि कुळावरून लायकी ठरविणाऱ्यांनीं हा दाखला ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. अशीं माणसें केवळ रुमानियांतच असतात असें नाहीं.

मीं आयुष्यभर हजेरीपट वाचण्याचें काम केलें आहे. तेव्हां फुटबॉलच्या संघाची यादी हातीं आली कीं, मी ती हजेरीपटासारखीच वाचतों. १९९४ सालीं अमेरिकेंत झालेल्या जागतिक स्पर्धेंतील रुमानियाचा संघ पाहा. त्यांत पेत्रेस्कु आहे, म्हणजे पेत्रूचा. दुमित्रेस्कु आहे, म्हणजे दुमित्रूचा. लुपेस्कु आहे, म्हणजे लांडग्याचा, कारण 'लुप' म्हणजे लांडगा. आणि पोपेस्कु आहे, उपाध्यायाचा. एकाच संघांत चार 'एस्कु'! शिवाय मुंतेआनु आहे, म्हणजे डोंगराकडचा. सेलिमेश हें आडनांव हंगेरियन. बेलोदेदिच हा सर्ब वंशाचा. आणि सर्वांचा म्होरक्या ग्योर्गे हाजी. हा 'हाजी' शब्द आपल्या ओळखीचाच आहे. तुर्की अमलाखालीं त्या बाजूच्या ख्रिस्ती लोकांनींहि तो उचलला, आणि जो जेरुसलेमची यात्रा करून येई त्याला ते 'हाजी' म्हणूं लागले. असा हा हजेरीपट ३ जुलै १९९४ रोजीं पॅसाडीना येथें उभा राहिला, आणि त्यानें अर्जेंटिनासारख्या मातबर संघाला ३-२ असें हरविलें. दोन गोल दुमित्रेस्कूचे, एक हाजीचा. पुढच्याच फेरींत स्वीडनशीं बरोबरी होऊन पेनल्टीच्या फटक्यांवर रुमानिया हरला. तथापि त्या देशाच्या फुटबॉलनें जागतिक स्पर्धेंत गांठलेली ती सर्वांत वरची पायरी.

आतां पोपेस्कु मंडळींकडे येऊं. आडनांव एवढें सार्वत्रिक असल्यावर एकाच नांवाचीं दोन माणसें निघणारच. आपण शाळेंत 'थोरला' आणि 'धाकटा' म्हणून वाट काढतों. रुमानियन फुटबॉलनें राजेलोकांची रीत उचलली आणि नांवापुढें आंकडे घातले. १९१९ सालीं जन्मलेला एक ग्योर्गे पोपेस्कु तेथें 'ग्योर्गे पोपेस्कु पहिला' म्हणूनच ओळखला जातो. तो स्वतः खेळाडू होता, आणि पुढें बुखारेस्टच्या लष्करी क्लबाचा शिक्षक म्हणून नांवारूपास आला. राजवंशाशीं कसलाहि संबंध नसतां असा 'पहिला' होण्याचा मान उपाध्यायाच्या आडनांवाला मिळाला, ही गंमतच नव्हे काय?

परंतु युरोपला जो पोपेस्कु ठाऊक आहे तो निराळा. त्याचेंहि नांव ग्योर्गेच. परंतु त्या नांवाचें लाडकें रूप 'जीका', आणि तो 'जीका पोपेस्कु' म्हणूनच प्रसिद्ध आहे. त्याचा जन्म ९ ऑक्टोबर १९६७ रोजीं कालाफात या गांवीं झाला. हें गांव डॅन्यूबच्या कांठीं, बल्गेरियांतील विदीन शहराच्या समोर आहे. कालाफातपासून जवळचें मोठें शहर क्रायोव्हा, आणि तेथील 'युनिव्हर्सितातेआ' म्हणजे विद्यापीठ या नांवाच्या क्लबांत तो वाढला. मैदानाच्या मध्यभागीं, बचावफळीच्या जरा पुढें किंवा बचावफळींतच, त्याची जागा असे. खेळाची पुढची चाल आधीं ओळखावी, धांवाधांव न करितां चेंडू काढून घ्यावा आणि तो बिनचूक पुढें पोंचवावा, हें त्याचें काम. गोल मारणाऱ्याचें कौतुक सर्वत्र होतें. अशा खेळाडूचें महत्त्व तो नसतो त्या दिवशीं कळतें. त्याच्या देशबांधवांनीं त्याला 'बाचुल' असें टोपणनांव दिलें. 'बाच' म्हणजे डोंगरावरच्या मेंढवाड्याचा मुख्य धनगर. कळप केव्हां हलवावा आणि कोठें बसवावा हें तो सांगतो. आडनांवानें उपाध्यायाचा असलेला हा माणूस गुणांनीं धनगरांचा नाईक ठरला.

१९८९ च्या डिसेंबरांत रुमानियांत क्रांति झाली व चाउशेस्कूची राजवट कोसळली. (हेंहि एक 'एस्कु'च!) तोंपर्यंत खेळाडूंना परदेशच्या क्लबांकडून खेळण्यास मोकळीक नव्हती, एखादा गेला तर तो बहुधा पळूनच जाई. दार उघडलें आणि १९९० सालीं इटलींतील जागतिक स्पर्धेनंतर ही सारी पिढी बाहेर पडली. जीका हॉलंडांत आइंडहोव्हनच्या पी. एस. व्ही. क्लबाकडे गेला आणि १९९१ व १९९२ सालीं तेथें विजेतेपद मिळविणाऱ्या संघांत होता. १९९४-९५ चा हंगाम त्यानें लंडनच्या टॉटनहॅमकडे काढला. तेथील आर्सेनल या शेजारच्या क्लबाशीं टॉटनहॅमचें हाडवैर. २ जानेवारी १९९५ च्या सामन्यांत एकुलता एक गोल जीकानें मारला, आणि तेवढ्यावर तो त्या वस्तींत कायमचा ओळखीचा झाला. तेथून बार्सेलोना. ज्या क्लबांत परक्या देशाच्या माणसाला कप्तानपद सहसा मिळत नाहीं, तेथें तो कप्तान झाला. १९९७ सालीं त्या क्लबानें स्पेनच्या राजाचा चषक आणि युरोपांतील चषकविजेत्यांचा चषक असे दोन्ही जिंकले. त्या वर्षीं तेथें शिक्षक होता बॉबी रॉबसन, ज्यानें आइंडहोव्हनलाहि त्याला खेळविलें होतें.

त्यानंतर तो इस्तंबूलच्या गालातासराय क्लबांत गेला. तेथें हाजी आधींपासून होता. हे दोघे नात्यानें साडू. म्हणजे दोन सख्ख्या बहिणी या दोन कप्तानांच्या घरीं. १७ मे २००० रोजीं कोपनहेगन येथें यूएफा चषकाच्या अंतिम सामन्यांत गालातासरायची गांठ आर्सेनलशीं पडली. सामना गोलाविना चालला. जादा वेळांत हाजीला पंचांनीं मैदानाबाहेर काढलें, आणि दहा जणांनीं किल्ला लढविला. शेवटीं पेनल्टीचे फटके आले. आर्सेनलचे दोन फटके गोलाच्या चौकटीवर आदळले, आणि गालातासरायचा चौथा, निकाल लावणारा फटका मारण्यास जीका पुढें आला. त्यानें चेंडू जाळ्यांत घातला. युरोपचा चषक तुर्कस्तानांत जाण्याची ती पहिलीच वेळ. पुढें इटलींतील लेच्चे, बुखारेस्टचा दिनामो आणि जर्मनींतील हॅनोव्हर असे मुक्काम करून त्यानें खेळणें थांबविलें. देशासाठीं तो ११५ सामने खेळला आणि त्यांत त्यानें १६ गोल केले.

येथपर्यंतचा वृत्तांत ऐकावयास गोड आहे. परंतु पुढचा भाग वगळला तर तो प्रामाणिकपणा होणार नाहीं. खेळाडूंच्या परदेशीं विक्रीच्या व्यवहारांत खरी किंमत लपवून कर चुकविल्याबद्दल रुमानियांत मोठा खटला चालला. त्यांत इतर मंडळींबरोबर जीका पोपेस्कूलाहि ४ मार्च २०१४ रोजीं तीन वर्षांहून कांहींशी अधिक कैदेची शिक्षा झाली. त्याच्या दुसऱ्याच दिवशीं राष्ट्रीय फुटबॉल संघटनेच्या अध्यक्षपदाची निवडणूक होती, आणि तो त्या पदाचा उमेदवार होता. नोव्हेंबर २०१५ मध्यें त्याची मुदतीपूर्वीं सुटका झाली. दीड लाख लोकांच्या आडनांवाला त्यानें जी कीर्ति मिळवून दिली होती, ती त्यानें त्या दिवशीं गमावली कीं नाहीं, याविषयीं तेथील लोकांत दोन तट पडले. माझें मत असें कीं, कोपनहेगनचा फटका आणि बुखारेस्टचा निकाल हे दोन्ही एकाच माणसाच्या खात्यावर मांडले पाहिजेत. एकानें दुसरा पुसला जात नाहीं. आणि आडनांवाच्या बाकीच्या धन्यांकडे त्यांपैकीं कशाचाहि जमाखर्च जात नाहीं.

आतां त्या क्लबांविषयीं. जीका ज्या क्लबांत घडला तो क्रायोव्हाचा 'युनिव्हर्सितातेआ' १९४८ सालीं निघाला. १९७४, १९८०, १९८१ आणि १९९१ या चार वर्षीं तो देशाचा विजेता ठरला. १९८३ मध्यें यूएफा चषकाच्या उपान्त्य फेरींत पोर्तुगालच्या बेनफिकाशीं दोन्ही सामने बरोबरींत सुटले, आणि परक्या मैदानावरील एका गोलाच्या हिशेबानें त्याला बाहेर पडावें लागलें. ओल्तेनिया प्रांताचें या क्लबावर अतोनात प्रेम. परंतु २०११ सालीं क्लबाच्या चालकांनीं एक तंटा फुटबॉल-संघटनेच्या बाहेर, सरकारी न्यायालयांत नेला. संघटनेच्या नियमांना तें मान्य नव्हतें, आणि तिनें क्लबाला बाहेर काढलें. २०१३ पासून क्रायोव्हांत तेंच नांव आणि तोच वारसा सांगणारे दोन क्लब उभे राहिले. खरा कोणता, यावर दावे झाले. २०२१ पासून २०२४ पर्यंत तीन हंगाम तर दोन्ही क्लब देशाच्या पहिल्या वर्गांत एकमेकांविरुद्ध खेळले. एका घरांतला बाप एकाच्या बाजूला आणि मुलगा दुसऱ्याच्या, असा प्रसंग येण्यास याहून सोपी तजवीज कोणती?

दुसरें प्रकरण राजधानीचें. १९४७ च्या जून महिन्यांत, राजा मिहाइ गादीवर असतांनाच, लष्करानें एक क्रीडा-क्लब काढला. त्याचीं नांवें दोन-तीनदां बदललीं आणि १९६१ सालीं 'स्टेआवा' म्हणजे तारा हें नांव कायम झालें. 'पोपेस्कु पहिला' ज्याचा शिक्षक होता तो हाच क्लब, आणि जीका १९८७-८८ च्या हंगामांत कांहीं काळ उसना म्हणून खेळला तोहि हाच. त्याआधीं ७ मे १९८६ रोजीं सेव्हिल येथें या स्टेआवानें बार्सेलोनाला पेनल्टीच्या फटक्यांवर हरवून युरोपचा सर्वश्रेष्ठ चषक जिंकला होता. त्यांच्या दुकादाम नांवाच्या गोलरक्षकानें बार्सेलोनाचे चारहि फटके अडविले. पूर्व युरोपांतील क्लबानें तो चषक जिंकण्याची ती पहिली वेळ. पुढें १९९८ मध्यें फुटबॉलची शाखा लष्करापासून वेगळी झाली आणि कालांतरानें खासगी मालकाच्या हातीं गेली. 'तारा' हें नांव आमचें, असें लष्कर म्हणूं लागलें. २०१४ च्या डिसेंबरांत देशाच्या वरिष्ठ न्यायालयानें लष्कराच्या बाजूनें निकाल दिला, आणि खासगी क्लबाला २०१७ सालीं 'एफ. सी. एस. बी.' अशीं नुसतीं अक्षरें धारण करावीं लागलीं. त्या अक्षरांचा पूर्वींचा विस्तार सर्वांना पाठ आहे, परंतु क्लबाला तो उच्चारतां येत नाहीं! त्याच वर्षीं लष्करानें 'स्टेआवा' नांवाचा आपला निराळा फुटबॉल संघ चौथ्या वर्गापासून खेळविण्यास आरंभ केला. १९८६ चा चषक कोणाचा, हाहि वाद मग ओघानें आलाच.

तिसऱ्या क्लबाची कथा भांडणाची नाहीं. हाजीनें २००९ सालीं काळ्या समुद्राच्या बाजूला 'व्हीतोरुल' म्हणजे भविष्यकाळ या नांवाचा क्लब काढला. मुलांना घडवून त्यांच्याच जोरावर तो २०१७ सालीं देशाचा विजेता झाला. कैदेंतून सुटल्यावर जीका याच क्लबाच्या कारभारांत अध्यक्ष म्हणून आला. २०२१ सालीं हा क्लब कॉन्स्तान्त्सा बंदरांतील 'फारुल' म्हणजे दीपस्तंभ या १९२० पासूनच्या जुन्या क्लबांत विलीन झाला. भविष्यकाळानें आपलें नांव टाकून भूतकाळाचें पांघरलें. २०२३ सालीं जें विजेतेपद आलें, तें फारुलच्या नांवावर मांडलें गेलें. नांव सोडण्यास तयार असलेला क्लब या सबंध हकीकतींत हा एकच.

मध्यंतरीं आणखी पोपेस्कु येतच राहिले. २००२ सालीं जन्मलेला ऑक्ताव्हियान पोपेस्कु हा चपळ बगलेचा खेळाडू. जीकाशीं त्याची सांगड केवळ आडनांवाची. तो ज्या संघाकडून खेळला त्यानें २०२४ आणि २०२५ अशीं लागोपाठ दोन वर्षें देशाचें विजेतेपद मिळविलें. त्या संघाच्या सदऱ्यावर पाठीमागें 'पोपेस्कु' हीं अक्षरें निर्धास्तपणें लिहिलेलीं असत, आणि पुढें छातीवरच्या बिल्ल्यांत क्लबाच्या नांवाच्या जागीं 'एफ. सी. एस. बी.' हीं चार.